अनुदानातली हिरवी औषधं: विदर्भाच्या उन्हात कोणती टिकतात

मे महिना सरत आला की कृषी केंद्राच्या फळीवर 'जैविक', 'नीम', 'बायो' असं लिहिलेले डबे दिसायला लागतात. बहुतेकांवर पानाचं चित्र, काहींवर गायीचं. बुलढाण्यापासून यवतमाळ-वर्ध्यापर्यंतच्या कापूसपट्ट्यात सरकार ज्या सौम्य निविष्ठांवर अनुदान देतं, कर कमी करतं किंवा ज्या फुकट वाटतं, त्यांची ही पारख. घरचा निंबोळी अर्क, बाटलीतलं नीम, कामगंध सापळे (मादी पतंगाच्या वासानं नर पकडणारे), ट्रायकोकार्ड, मित्रबुरशीच्या पावडरी आणि फवारणीची संरक्षक किट एवढ्या गोष्टी पाहू. कसोटी एकच: पत्र्याच्या दुकानात 45 अंशांत पडून राहिल्यावर आणि श्रावणातल्या दमट वावरात पोचल्यावर त्या वस्तूत काय शिल्लक उरतं.

आधी त्रिकोणाचा घोळ मिटवू, कारण निम्मी फसवणूक तिथूनच सुरू होते. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण छापावाच लागतो. तोंडावाटे पोटात गेल्यावर प्रयोगातले निम्मे प्राणी मरायला किलो वजनामागे किती मिलिग्रॅम लागतात, यावर त्याचा रंग ठरतो. 1 ते 50 लाल, 51 ते 500 पिवळा, 501 ते 5000 निळा, त्यापुढे हिरवा. म्हणजे हिरवा त्रिकोण माणसाला होणारी तत्काळ विषबाधा कमी एवढंच सांगतो. औषध जैविक आहे की नाही, याचा त्याच्याशी संबंध नाही. क्लोरॅन्ट्रानिलिप्रोल पक्कं रासायनिक आहे, तरी त्याचा त्रिकोण हिरवा. दुकानदार हिरव्या त्रिकोणावर बोट ठेवून 'हे ऑरगॅनिक आहे' म्हणत असेल, तर त्याला तरी माहीत नाही किंवा त्यानं तुम्हाला ओळखलंय. शिवाय हा रंग एका औषधाचा असतो. एकाच पंपात तीन औषधं कालवल्यावर जे तयार होतं, त्याला कुठलाच त्रिकोण नाही.

2017 च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं 20 हून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले. माणसाच्या डोक्याबरोबर वाढलेली पऱ्हाटी (कपाशी), दमट हवा, बारीक धुकं सोडणारे पंप, अंगावर साधा सदरा आणि मिसळलेली औषधं असं सगळं तेव्हा एकत्र आलं होतं. त्यानंतर मोनोक्रोटोफॉस, ॲसिफेट, डायफेन्थियुरॉन, प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिन आणि फिप्रोनिल-इमिडाक्लोप्रिड या 5 औषधांवर पश्चिम विदर्भाच्या 5 जिल्ह्यांत 60 दिवसांची विक्रीबंदी आली. साठ दिवसांच्या बंदीत हंगाम निघून जातो आणि माल गोदामातच राहतो, हे कुणालाही कळतं. मोनोक्रोटोफॉस 36 एसएल (36 टक्क्यांचं द्रावण) देशभर बंद करण्याचा आदेश निघायला 2023 उजाडलं. हिरव्या पर्यायांना बळ देण्याचं धोरणही अशाच चालीनं आलंय, थोडं थोडं. 22 सप्टेंबर 2025 पासून नीमआधारित औषधं, ट्रायकोडर्मा व ब्युवेरिया या मित्रबुरशी अशा ठरावीक जैविक कीटकनाशकांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. रासायनिकांवर 18 टक्केच आहे. पावतीवर हा आकडा तपासा. नीमच्या बाटलीवर 18 टक्के लावले असतील, तर दुकानदारानं चूक केलीय किंवा बाटलीत नीम नाही.

आता मुख्य माल. यादीत सगळ्यात वरचा नंबर घरच्या निंबोळी अर्काचा, आणि गंमत म्हणजे त्यासाठी दुकानात जावंच लागत नाही.

5 टक्के अर्काचं माप असं: 100 लिटर फवाऱ्याला 5 किलो वाळलेली निंबोळी कुटून 9 लिटर पाण्यात रात्रभर भिजवायची. 1 लिटर पाण्यात 200 ग्रॅम साबणाचा चुरा वेगळा भिजवायचा. सकाळी अर्क दुहेरी फडक्यातून पिळून गाळायचा, त्यात साबणाचं पाणी टाकायचं आणि एकूण 100 लिटर करायचं. ऑगस्टमधल्या भरल्या पऱ्हाटीला एकरी 200 लिटर लागतं, म्हणजे एका फवाऱ्याला 10 किलो. पीक लहान असताना निम्म्यात भागतं. चार एकरांच्या वावरात तीन फवारे घ्यायचे म्हटलं, तर 1 क्विंटलच्या आसपास निंबोळी जून-जुलैतच गोळा व्हायला हवी. पावसाळ्याआधी गावातले निंब मोजून ठेवलेले बरे.

अर्क बिघडतो तो बहुतेक साठवणीतच. पिवळी निंबोळी वेचून, गर धुऊन, सावलीत वाळवायची. उन्हात वाळवली की आतला अझाडिरेक्टीन, म्हणजे किडीवर काम करणारा घटक, कमी होतो आणि ओली भरली की बुरशी धरते. पोत्यात ठेवायची, प्लास्टिकच्या थैलीत अजिबात नाही; थैलीला घाम सुटतो आणि आत काळी बुरशी चढते. फोडल्यावर आतला गर हिरवट-पिवळा दिसला तर चांगली, तपकिरी किंवा काळा दिसला तर खतात टाका. मागच्या सालची निंबोळी वापरू नका. पावडर तयार विकत घेत असाल, तर ती सालासकट आहे की नुसत्या गराची, हे विचारा. सालासकटच्या पावडरीत निम्मं वजन टरफलाचं असतं, त्यामुळे तेवढ्याच मापाचा अर्क कमजोर पडतो.

दुसरी अडचण पाण्याची, आणि ती अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्यांना जास्त. पूर्णेच्या खोऱ्यातल्या बोअरचं पाणी खारट आणि अल्कधर्मी असतं. अझाडिरेक्टीन किंचित आम्ल पाण्यात टिकतो, अल्कधर्मी पाण्यात लवकर मोडतो. वरून साबण अशा पाण्यात फाटतो, त्याचा दहीसारखा साका पंपाच्या जाळीत अडकतो आणि नोझल तुंबतं. उपाय साधा आहे: पावसाचं पाणी टाकीत साठवून तेच फवाऱ्याला वापरा. ते नसेल तर सामू (पीएच) मोजायच्या पट्टीनं पाणी तपासा आणि थोड्या लिंबाच्या रसानं सामू 6 च्या आसपास आणा. साबण स्वतःच अल्कधर्मी असल्यामुळे तो शेवटी टाकायचा आणि अर्क त्याच दिवशी संपवायचा. फवारा संध्याकाळी 4 नंतर घ्या, कारण दुपारच्या ऊन्हात अझाडिरेक्टीनचं काही खरं नाही.

'निंबोळी मारली, अळी मेली नाही' ही तक्रार गावोगाव ऐकू येते. निंबोळी अळी मारत नाही, ती तिचं खाणं बंद करते, कात टाकणं बिघडवते, मादीला अंडी घालण्यापासून परावृत्त करते. म्हणून परिणाम चौथ्या-पाचव्या दिवशी पाहायचा, आणि तोही अंडी व लहान अळ्या असतानाच्या फवाऱ्याचा. तुडतुडे, पांढरी माशी, बोंडअळीच्या पतंगांची पहिली लाट यांच्यासाठी पहिला फवारा हाच घ्यावा. बोंडात शिरून बसलेल्या गुलाबी अळीसाठी निंबोळी फवारणं म्हणजे दार लावून घेतलेल्याला बाहेरून हाक मारणं.

यावरूनच बाटलीतल्या नीमची परीक्षा करता येते. एखादं 'नीम' फवारल्यावर तासाभरात अळ्या टपटप खाली पडत असतील, तर आनंदून जाऊ नका. त्यात कुठलं तरी कृत्रिम औषध मिसळलेलं असण्याची शक्यता मोठी. हा धंदा नवा नाही आणि अशा बाटलीच्या लेबलावर त्या औषधाचा उतारा लिहिलेला नसतो, हा खरा धोका. घेताना नोंदणी क्रमांक पाहा, केंद्रीय कीटकनाशक मंडळाची नोंदणी नसेल तर बाटली परत ठेवा. 'पीक संजीवक' म्हणून विकल्या जाणाऱ्या जैव-उत्तेजकांची नोंदणी निराळ्या कायद्याखाली, खत नियंत्रण आदेशाखाली होते, आणि त्यांना कीड मारण्याचा दावाच करता येत नाही. लेबलावर दोन्ही दावे असतील, तर त्यातला एक तरी बेकायदा.

बाटली घ्यायचीच तर दर पीपीएममागे (दहा लाख भागांत अझाडिरेक्टीनचे किती भाग) काढा. 300, 1500, 3000, 10000 पीपीएम अशा निरनिराळ्या ताकदीत ती मिळते. कपाशीवर 1500 पीपीएमची मात्रा लिटरला 5 मिली, म्हणजे 200 लिटरला 1 लिटर. तेवढीच 300 पीपीएमची मारली तर ताकद पाचव्या हिश्शाची पडते, पण दुकानात 300 ची बाटली 'स्वस्त' म्हणून पुढं केली जाते. पारदर्शक बाटलीतलं, काउंटरवर उन्हात ठेवलेलं नीम कितीही पीपीएमचं असो, घेऊ नका. निंबोळी वेचायला हात नसलेल्या घरासाठी 1500 पीपीएमची, याच हंगामात बनलेली बाटली ठीक. बाकीच्यांनी पोतं भरावं.

कामगंध सापळ्यांना या यादीत पूर्ण मार्क. त्यांत सजीव काही नाही, उन्हानं मरत नाही, आणि फवारा कधी घ्यायचा नाही हे सांगणारी दुसरी वस्तू शेतकऱ्याकडे नाही. पाहणीसाठी एकरी 2, नर पकडून संख्या कमी करायची असेल तर एकरी 8. पेरणीनंतर 45 दिवसांनी, पात्या (फुलांच्या कळ्या) धरायच्या आधी लावा. सापळा झाडाच्या शेंड्यापेक्षा 1 ते दीड फूट वर हवा, आणि पऱ्हाटी वाढेल तसा काठीवर सरकवायचा. ऑगस्टात लावलेला सापळा ऑक्टोबरात पानांत बुडालेला दिसतो, मग 'पतंगच नाहीत' असा समज होतो.

सगळ्यात मोठी चूक ल्यूरची, म्हणजे सापळ्यात बसवायच्या मादीच्या वासाच्या गोळीची. गुलाबी बोंडअळीला गॉसिप्ल्यूर लागतं. हेलील्यूर हिरव्या घाटेअळीचं, स्पोडोल्यूर तंबाखूवरच्या अळीचं. अनुदानाच्या वाटपात तिन्हींची पाकिटं एकाच पेटीत येतात आणि एका ल्यूरची तीन वावरांत वाटणी होते. पाकिटावरचं नाव वाचूनच बसवा. ल्यूरला हात लावण्याआधी हात धुवा. तंबाखू-खर्रा मळलेल्या बोटांनी पकडलेलं ल्यूर आपला वास घालवून बसतं. दर तीन-चार आठवड्यांनी ते बदलायचं आणि जुनं वावरात फेकायचं नाही, नाहीतर नर त्याच्याकडे जातात. उरलेली पाकिटं फ्रिजमध्ये, नसेल तर माठाजवळ सावलीत. नरसाळ्याच्या सापळ्याची खालची पिशवी रबरानं नीट बांधा, कारण उघडी राहिली तर पकडलेले पतंग तिथूनच जातात.

मोजणी रोज सकाळी. सापळ्यामागे 8 पतंग सलग तीन रात्री आले, तर आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असं धरतात. त्यावरच फवारा उचलायचा नाही. धुऱ्यापासून आत जाऊन एकरातली सुपारीएवढी 20 हिरवी बोंडं तोडून उकला. दोनांत अळी किंवा तिचं छिद्र दिसलं तरच रासायनिक औषधाकडे वळा. बोंडं उकलायला एकराला पंधरा मिनिटं लागतात. एक वाया जाणारा फवारा मजुरी धरून किती पडतो, याचा हिशेब ज्याचा त्यानं करावा.

याच गंधाची दुसरी वस्तू म्हणजे झाडाला बांधायच्या दोऱ्या. एकरी 160 बांधतात, पेरणीनंतर 40 ते 50 दिवसांनी. वावरभर मादीचा वास पसरल्यानं नराला मादी सापडत नाही. तत्त्व उत्तम, पण एका शेतकऱ्यानं 2 एकरांत बांधून काही होत नाही. शेजारच्या वावरात मिलन झालेली मादी उडत येऊन तुमच्याकडे अंडी घालते. लागून असलेल्या 25-30 एकरांवर सगळ्यांनी एकाच आठवड्यात बांधल्या तरच घ्या. आणि शेजाऱ्यानं फरदड (हंगाम संपल्यावरही उभी ठेवलेली कपाशी) ठेवलेली असेल, तर दोऱ्यांचे पैसे त्याच्या पऱ्हाटीवर रोटावेटर फिरवायला खर्च केलेले जास्त फायद्याचे.

ट्रायकोकार्ड हा माल उत्तम आहे, घोळ त्याच्या वाटेत होतो. कार्डावर चिकटवलेल्या, तांदळातल्या पतंगाच्या अंड्यांवर वाढवलेली ही गांधीलमाशीची जात, टाचणीच्या टोकाएवढी; बाहेर पडून ती बोंडअळीच्या अंड्यांत आपली अंडी घालते. गुलाबी बोंडअळीसाठी बॅक्ट्री जातीचं कार्ड मागा, कारण घाटेअळीवरची चिलोनिस जात इथं तेवढी कामाची नाही. एकरी 60 हजार, म्हणजे 20 हजारांची तीन कार्डं, दर आठ-दहा दिवसांनी सोडायची, सुरुवात पात्या लागताना. घेताना कार्डावरची अंडी पाहा. काळी, चकचकीत अंडी म्हणजे आत गांधीलमाशी तयार आहे. पिवळट म्हणजे परजीवी शिरलेलाच नाही. भिंगातून बारीक छिद्रं दिसली तर माश्या पेटीतच निघून गेल्या, तुम्ही कागद विकत घेतलात. बाहेर पडायची तारीख कार्डावर छापलेली असते, आणि तालुक्याच्या कार्यालयात कार्डं पोचेपर्यंत ती बरेचदा उलटलेली असते. घरी आठवडाभर थांबवायचं असेल तर फ्रिजमध्ये, पण गोठणकप्प्यात नव्हे. वावरात कार्डाचे तुकडे करून पानाच्या खालच्या बाजूला, संध्याकाळी, एकरभर विखरून टाचा. मुंग्यांचं वारूळ असलेला कोपरा टाळा. त्याआधी आणि नंतर आठवडाभर रासायनिक फवारा नको. फवारल्यानंतर दुसऱ्या दिवशी कार्ड लावणं हा तर रिवाजच झालाय. तालुक्याच्या वाटपाची वाट पाहण्यापेक्षा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या किंवा खात्याच्या प्रयोगशाळेत तारीख सांगून मागणी नोंदवा आणि स्वतः जाऊन, थर्मासच्या डब्यात आणा. अकोल्याला जायची सोय असलेल्यांनाच हे जमतं.

मित्रबुरशीच्या पावडरी म्हणजे पूर्ण नशिबाचा खेळ. ट्रायकोडर्मा, ब्युवेरिया, लेकॅनिसिलियम या जिवंत वस्तू आहेत आणि पत्र्याच्या दुकानात त्यांची मे महिन्यातच अंत्ययात्रा निघते. पाकिटावर उत्पादन तारीख, मुदत आणि एका ग्रॅममध्ये किती जिवंत बीजाणू ते लिहिलेलं असतं. ट्रायकोडर्मा व्हिरिडी 1 टक्क्याच्या पाकिटावर 2 गुणिले 10 चा 6 वा घात हे किमान. पण तो आकडा कारखान्यातून निघतानाचा. पाकीट फुगलेलं, गोळे झालेलं किंवा आंबट वास येणारं असेल तर घेऊ नका. साधी चाचणी: उकडलेला भात थंड करून वाटीत घ्या, त्यावर चिमूटभर पावडर टाका, ओल्या फडक्यानं झाकून सावलीत ठेवा. तीन-चार दिवसांत हिरवी बुरशी आली तर ट्रायकोडर्मा जिवंत आहे. काळी किंवा गुलाबी आली तर भलतंच काही वाढलंय. दुकानदारानं हसलं तरी एक पाकीट आधी नेऊन तपासा, मग बाकीचे घ्या.

वापर बीजप्रक्रियेत सगळ्यात फायद्याचा: तूर-हरभऱ्याला किलोला 4 ते 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा. रासायनिक बुरशीनाशक लावलेल्या बियाण्यावर ते चोळून काही उपयोग नाही, एकानं दुसऱ्याला मारायचंच. मर रोग असलेल्या वावरात एकरी 1 किलो ट्रायकोडर्मा 100 किलो ओलसर शेणखतात मिसळून, सावलीत आठवडाभर झाकून, मग पेरणीआधी टाका. इथं पावडर कमजोर असली तरी खतात वाढून भरून निघते. ब्युवेरिया मात्र पानावर फवारायची, लिटरला 5 ग्रॅम, आणि हवेत चांगली ओल हवी. श्रावणातल्या झडीच्या संध्याकाळी ती लागू पडते, सप्टेंबरच्या उघडिपीत पैसे वाया.

नैसर्गिक शेतीच्या राष्ट्रीय अभियानाला 25 नोव्हेंबर 2024 ला मंजुरी मिळाली, 2481 कोटींची तरतूद झाली, आणि त्यात 10 हजार जैव-निविष्ठा केंद्रं उभी करायचं ठरलं. त्याआधी 2018 मध्ये अकोल्याला मुख्यालय असलेलं डॉ. पंजाबराव देशमुख जैविक शेती मिशन विदर्भाच्या सहा जिल्ह्यांसाठी आलं. जैव-निविष्ठा केंद्रांवर मिळणारं जीवामृत (शेण-गोमूत्राचं आंबवण) जमिनीसाठी आहे, ते बोंडअळीवरचं औषध म्हणून विकलं तर घेऊ नका. आणि केंद्रावर पावडरी ठेवायला फ्रिज आहे का, तेवढं एक विचारा. अनुदानाच्या यादीत डबा येतो, फ्रिज येत नाही. आणि आला तरी लोडशेडिंग असतंच.

राहिली संरक्षक किट. वाटपातल्या थैलीत हातमोजे, मास्क, चष्मा, ॲप्रन एवढं येतं. कापडी हातमोजे असतील तर ते घालणं न घालण्यापेक्षा वाईट, कारण ते औषध शोषून तासभर कातडीला चिकटवून ठेवतात. जाड नायट्राईलचे घ्या. धुळीचा पातळ मास्क थेंब अडवतो, वाफ अडवत नाही. कोळशाचा थर असलेला घ्या. ॲप्रन पुढून असतो आणि गळतो तो पाठीवरचा पंप, म्हणून पाठीवर प्लास्टिकची जाड पन्नी बांधा. पायजमा बुटाच्या वर काढायचा, आत खोचायचा नाही. आत खोचला की औषध थेट बुटात. चष्म्यावर धुकं साचतं म्हणून तो कपाळावर जातो. आतून साबणाचं बोट फिरवून पुसला की तासभर टिकतो. एवढा पेहराव करून ऑगस्टच्या दुपारी कुणी फवारू शकत नाही, म्हणून सकाळी 10 च्या आत आटपा. आणि छातीच्या वर वाढलेल्या पऱ्हाटीत मजुराला पाठवूच नका, किट असो वा नसो.

औषध घेताना बाटलीबरोबरची माहितीपत्रिका मागून घ्या, मराठीतली. फवारणाऱ्याला घाम, लाळ, डोळ्यांपुढे अंधार, उलटी असं काही सुरू झालं तर ती पत्रिका किंवा बाटली घेऊनच दवाखान्यात जायचं, कारण ॲट्रोपिन हा उतारा सेंद्रिय फॉस्फरसच्या औषधांच्या विषबाधेवर चालतो, बाकी पुष्कळ औषधांना ठरावीक उतारा नाही, आणि डॉक्टरला नाव कळल्याशिवाय ते ठरवता येत नाही. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा फुकट नंबर 1800 116 117, तो पंपाच्या टाकीवर न पुसणाऱ्या रंगानं लिहून ठेवा.